हिंगोलीहून अंतराळाची सहल: एका दिवशी एकच ठिकाण

हिंगोली जिल्ह्यात मुलांना अवकाशाशी संबंधित काही दाखवायचं म्हटलं, की पहिलं नाव निघतं ते लायगोचं. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी उभा राहणारा, गावाकडे सगळे लिगो म्हणतात तोच हा प्रकल्प. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली, की त्या रविवारी गाडी काढून तिकडे चक्कर मारायचा बेत बऱ्याच घरांत होतो. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. तिथे आज तिकीट काढून आत जावं, प्रदर्शन बघावं, माहितीपट बघून बाहेर यावं असं काही नाही. ती बांधकामाची जागा आहे आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही. कुंपणाबाहेरून लहान मुलांना काही दिसणार नाही, दिसलं तरी कळणार नाही, आणि ‘एवढंच?’ हा त्यांचा प्रश्न परतीच्या वाटेवर तुम्हाला झेलावा लागेल.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे लायगोच्या ज्या दोन वेधशाळा आहेत, त्यांच्या आवारात लोकांसाठी प्रदर्शन केंद्रं आहेत. शाळकरी मुलं तिथे लहरींचे खेळ हाताळून बघतात. दुधाळ्यालाही एक दिवस तसं केंद्र व्हावं, आणि त्यातल्या पाट्या आधी मराठीत असाव्यात, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. पण तोवर आपली मुलं मोठी होऊन जातील. थांबण्याची गरजही नाही. हिंगोलीपासून शंभर किलोमीटरच्या आत लोणारचं उल्काविवर आहे. अवकाशाशी पृथ्वीचा थेट सामना झाल्याची खूण हात लावून, पायी उतरून बघता येते अशी त्याच्या तोडीची जागा देशात दुसरी नाही.

म्हणून माझा सल्ला असा: पहिली सहल लोणारची काढा, पूर्ण दिवसाची. दुधाळा-औंढ्याची सहल वेगळ्या दिवशी, अर्ध्या दिवसाची, आणि तीही मी पुढे सांगतो त्या रीतीने. दोन्ही एका दिवसात उरकायचा मोह होतो, कारण नकाशावर सगळं जवळ दिसतं. पण मग दिवसभर गाडीत बसणं होतं, प्रत्येक ठिकाणी फोटो होतात आणि मुलांच्या डोक्यात काहीच राहत नाही.

आदल्या संध्याकाळी

सहलीची खरी सुरुवात आदल्या दिवशी घरी करायची. एक मोठी परात घ्या. तीत तीन-चार बोटं जाडीचा पांढऱ्या रांगोळीचा थर द्या आणि वरून हळद पातळशी चाळा. आपल्या जिल्ह्यात हळदीला काय तोटा! आता खाली वर्तमानपत्र पसरून परात त्यावर ठेवा आणि गुडघ्याच्या उंचीवरून एक गोटी सोडा. मग कमरेच्या, मग डोक्याच्या उंचीवरून. पिवळ्यावर पांढरे फराटे चारी बाजूंना उडालेले दिसतील. खड्ड्याभोवती एक उंचवटा तयार होईल. खालचा माल वर आला आणि कडेला साचला, हे मुलांना न सांगता कळेल.

मग तिरपी गोटी मारायला सांगा. खड्डा लांबट होईल. इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा, कारण हा प्रयोग इथे खऱ्या उल्कापातापासून वेगळा पडतो. गोटी हळू येते आणि माती बाजूला ढकलते. अवकाशातून येणारा मोठा दगड सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने आदळतो. हिंगोली ते लोणार हे सरळ रेषेतलं अंतर त्या वेगाने सात सेकंदांत कापलं जाईल. इतक्या वेगाने आदळल्यावर ढकलाढकली होत नाही, स्फोट होतो. स्फोट सगळीकडे सारखा पसरतो, म्हणून दगड तिरपा आला तरी विवर बहुधा गोलच होतं. आणि याच स्फोटात आदळणारा दगड बहुतांशी वितळून, वाफ होऊन जातो. ‘मग तो दगड कुठे गेला?’ हा प्रश्न लोणारला प्रत्येक मूल विचारतं. त्याचं उत्तर आदल्या रात्रीच तयार असू द्या.

त्याच रात्री आणखी एक तयारी. पाण्यात भरपूर हळद कालवून त्यात कोऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा. या पट्ट्या उद्या लागणार आहेत.

केव्हा निघायचं, कसं जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात विवर हिरवंगार दिसतं हे खरं, पण उतरायची वाट निसरडी होते आणि झाडीत खडक दिसत नाही. मार्चच्या मध्यानंतर दुपारी त्या वाटीसारख्या खोलगट जागेत ऊन कोंडतं. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर उन्हाळ्यात जाऊच नका.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि शुद्ध सप्तमी किंवा अष्टमीच्या आसपासचा सुट्टीचा दिवस निवडा. याचं कारण रात्री कळेल.

सकाळी सहाला घर सोडा. सेनगाव, रिसोडवरून लोणारला जायला स्वतःच्या गाडीने साधारण दोन ते अडीच तास लागतात. एसटीने जाणार असाल तर रिसोडला गाडी बदलायची तयारी ठेवा आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या स्थानकावरच विचारून घ्या, संध्याकाळवर ठेवू नका. साडेआठ-नऊला लोणारच्या कडेवर उभं राहायचं हे लक्ष्य. त्या वेळचं तिरपं ऊन समोरच्या उतारावर पडतं आणि विवराचा आकार नीट उठून दिसतो. दुपारी बारा वाजता तेच दृश्य सपाट, भुरकट वाटतं.

शिदोरी घरचीच न्या. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, थोडा गूळ; हे दिवसभर टिकतं. दही-ताकाच्या नादी लागू नका. प्रत्येकी दोन लिटर पाणी, आणि ते प्रत्येकाने आपल्या पाठीवर घ्यायचं. मंदिरांच्या परिसरात माकडं असतात. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवली तर ती हिसकावली जाईल, म्हणून खाणं बंद सॅकमध्ये ठेवा आणि जेवण वर गावात येऊन करा, खाली उतरून नव्हे. पायात बंद बूट किंवा पट्ट्याच्या घट्ट चपला. साध्या स्लीपरवर उतरलेली माणसं चढताना पाय मुरगळून घेतात. शौचालयाची सोय गावात वापरून मगच खाली उतरा. महिला आणि लहान मुलींसाठी ही सूचना विशेष महत्त्वाची आहे, सहलीच्या बेतात ती नेहमी विसरली जाते.

एक वही, एक पेन्सिल, जमल्यास दुर्बीण आणि एक साधं लोहचुंबक. बाकी काही नको.

कडेवर

गाडीतून उतरल्यावर लगेच खाली पळू नका. आधी अर्धा तास कडेवर थांबा. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. कडेकडेने पूर्ण फेरी मारायची म्हटली तर सहा किलोमीटरच्या आसपास चाल होते. कडेपासून तळापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर, म्हणजे चाळीस मजली इमारत आत उभी केली तरी तिची गच्ची कडेच्या वर येणार नाही. आता मुलांना मागे वळून बाहेरची शेतं बघायला सांगा. कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे. हा परातीतला उंचवटा! आतला खडक उचकटून बाहेर फेकला गेला आणि भोवती साचला, तोच हा. हे एकदा दिसलं की सहल निम्मी वसूल झाली.

त्यानंतर खडकाबद्दल बोला. आपला मराठवाडा-विदर्भाचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा थर. चंद्रावर नुसत्या डोळ्यांनी जे काळे डाग दिसतात तेही बेसाल्टचेच, मंगळाची जमीनही बहुतांशी बेसाल्टची. पण पृथ्वीवरची बहुतेक उल्काविवरं दुसऱ्या प्रकारच्या खडकांत आहेत. बेसाल्टमध्ये झालेलं आणि इतकं चांगलं टिकलेलं विवर फार दुर्मिळ. चंद्र-मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जगभरातून लोणारला येतात ते त्यासाठीच. आदळण्याच्या प्रचंड दाबाने फेल्डस्पार खनिजाची काच झालेली, म्हणजे मास्केलिनाइट, इथल्या खडकांत सापडते, आणि ती ज्वालामुखीने तयार होत नाही. लोणार हे ज्वालामुखीचं मुख आहे की उल्केचा खड्डा, या जुन्या वादाचा निकाल अशाच पुराव्यांनी लागला. १९७०च्या दशकात विवराच्या तळाशी खोल छिद्रं पाडून काढलेल्या खडकांच्या नमुन्यांनी तो पक्का झाला. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या जागेची नोंद केली होती. म्हणजे नोंद होऊन उत्तर मिळायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

वय मात्र मुलांना एका आकड्यात सांगू नका. एका पद्धतीने मोजलं तर ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं. दुसऱ्या, आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. अकरा पटींचा फरक! पाटीवर एकच आकडा असला तरी दोन्ही सांगा आणि दोन्हींतला कुठला का पटावा यावर गाडीत वाद होऊ द्या. शास्त्रज्ञांचं अजून न ठरलेलं काहीतरी आपल्या घरापासून दोन तासांवर आहे, हे नववी-दहावीतल्या मुलाला कळणं मला फार मोलाचं वाटतं.

खाली उतरताना

खाली जायचं की नाही हे घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाच्या पायांवर ठरवा. उतरायला सोपं वाटतं. कस लागतो तो चढताना. आजी-आजोबा, गरोदर बाई, पाच वर्षांखालची मुलं यांनी वरच थांबावं. त्यांच्यासाठी दोन सुंदर जागा आहेत. एक म्हणजे कडेवरची धार, गोमुखातून बारमाही वाहणारं पाणी आणि शेजारची जुनी मंदिरं. दुसरी गावातलं दैत्यसूदन मंदिर. लोणासुराला विष्णूने मारलं ती कथा तिथेच सांगायची. त्या मंदिरावरचं कोरीव काम बघायला तास अपुरा पडतो. खाली गेलेली मंडळी परत आली की सगळे दैत्यसूदनाच्या आवाराजवळ भेटायचं, हे आधीच ठरवून ठेवा; विवराच्या आत फोनवर विसंबू नका.

खाली सरोवराच्या काठी कमळजादेवीचं मंदिर आहे. पाणी वाढलं असेल तर तिथवरची वाट बंद असू शकते. लोणार हे वन्यजीव अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कुठवर जाता येईल हे वनरक्षकाला विचारा आणि तो सांगेल तिथेच थांबा. काठाचा चिखल वरून सुकलेला दिसतो, पण पाऊल आत जातं. मुलांचा हात सोडू नका.

आता हळदीच्या पट्ट्या काढा. एक पट्टी वर येताना धारेच्या पाण्यात बुडवायची आहे, ती पिवळीच राहील. दुसरी काठाच्या पाण्याला टेकवा. लोणारचं पाणी खारट तर आहेच, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते अल्कधर्मी आहे. पूर्वी इथून खार काढून विकला जाई. अल्काशी गाठ पडली की हळद तांबडी होते. हळदीत चुना घालून कुंकू बनवतात तेही याच गुणामुळे, आणि हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो याचं उत्तरही हेच. पाऊस जास्त झाला असेल आणि सरोवरात गोडं पाणी भरलं असेल तर रंग फिका येईल. तसं झालं तर का झालं ते मुलांनाच विचारा. वापरलेल्या पट्ट्या मात्र खिशात परत आणा.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. त्या वेळी भलभलते तर्क झाले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले आणि मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य पाण्यात दिसू लागलं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आलं. इतक्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात कोणी जगतं, ही गोष्ट मंगळावर जीवसृष्टी शोधणाऱ्यांनाही लोणारकडे ओढून आणते.

चुंबकाचं काम घरी परतल्यावर किंवा गावाबाहेरच्या ओढ्यात करा, अभयारण्यात नव्हे. ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवलं की काळे कण चिकटतील. ती उल्केची धूळ नव्हे. बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट आहे ते, हिंगोलीच्या ओढ्यातही मिळेल. हे आवर्जून सांगतो, कारण ‘उल्केचा तुकडा’ म्हणून कोणी काळा दगड विकायला आणला तर मुलं हट्ट धरतात. विकत घेऊ नका. आणि विवरातून दगड उचलून आणू नका, एक छोटासा सुद्धा नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्मारक ठरवलं आहे. आणि प्रत्येक सहल एकेक दगड घेऊन गेली तर पुढच्या पिढीतल्या संशोधकाला हवा तो दगड जागेवर नसेल. वहीत चित्र काढा, फोटो घ्या.

दुपारी जेवण, थोडी सावली, आणि तीन-साडेतीनला परतीचा रस्ता. दिवे लागायच्या सुमारास घरी पोहोचता येतं.

त्याच रात्री गच्चीवर

अष्टमीचा चंद्र यासाठी. अर्धा चंद्र डोक्यावर असतो, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर सूर्य तिरपा पडल्यामुळे विवरांच्या कडांच्या सावल्या लांब दिसतात. साधी पक्षी बघायची दुर्बीण पुरते, फक्त ती कठड्यावर टेकवून धरा. सकाळी आपण ज्या कडेवर उभे होतो तसली कड मुलं आता चंद्रावर बघतील. पौर्णिमेला हे दिसत नाही, कारण तेव्हा सावल्याच नसतात. लोणारचा अनुभव पक्का होतो तो या पंधरा मिनिटांत, असं माझं ठाम मत आहे. कितीही थकला असाल तरी हे टाळू नका.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक त्या संध्याकाळी आपल्यावरून जाणार असेल तर तेही बघा. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ सेवेवर आपल्या जागेसाठीच्या वेळा मिळतात. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून जाणारा, न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका काही मिनिटं दिसतो. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला त्याच स्थानकावर गेले होते, तिथे पोहोचलेले पहिले भारतीय. मुलांना त्यांचं नाव बहुधा माहीत असतं. ती जागा डोळ्यांनी दिसते हे माहीत नसतं.

दुसरी सहल: औंढा आणि दुधाळ्याचा परिसर

ही अर्ध्या दिवसाची. हिंगोलीहून औंढा पंचवीसएक किलोमीटर. सकाळी लवकर नागनाथाचं दर्शन, मग सिद्धेश्वर धरणाकाठची मोकळी जागा, आणि दुपारी घरी. प्रकल्पाच्या कुंपणाजवळ घुटमळू नका, ड्रोन तर अजिबात उडवू नका. दुधाळ्याचा प्रकल्प डोळ्यांनी बघण्यापेक्षा अंगाने समजून घ्यायचा आहे, आणि ते कुंपणाबाहेर जास्त चांगलं होतं.

घरून निघताना गाडीच्या मीटरवरचा आकडा मुलांना टिपायला सांगा. बरोबर चार किलोमीटरवर थांबा आणि मागे बघा. लायगोची एक भुजा इतकी लांब. दुसरी तिच्याशी काटकोनात, तितकीच. दोन्ही भुजांत हवा काढून घेतलेल्या नळ्या, त्यांच्या टोकांना आरसे, आणि मध्ये लेझरचा प्रकाश ये-जा करणारा. चार किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीचा बाक सव्वा मीटर भरतो. नळी सरळ हवी म्हणून त्या बाकाचाही हिशेब बांधकामात धरावा लागतो. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा जराशी लांबते, दुसरी आखडते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. हा आकडा मुलांना कळणार नाही, मोठ्यांनाही कळत नाही. पण चार किलोमीटरचा रस्ता नुकताच मागे टाकलेला असतो, त्यामुळे तो किती अवघड आहे एवढं तरी जाणवतं.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा टिपली गेली. सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. लिव्हिंग्स्टनला ती आधी आली आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. आता मोकळ्या जागेत एक खेळ खेळा. दोघांनी डोळ्यांवर रुमाल बांधून दूर-दूर उभं राहायचं, तिसऱ्याने कुठून तरी टाळी वाजवायची. दोघांनी आवाजाच्या दिशेने हात करायचा. मग तिघांनी, मग चौघांनी, जितके लांब पसरता येतील तितके. ऐकणारे वाढले आणि लांब पसरले की टाळी कुठली ते नेमकं कळत जातं. हिंगोलीची गरज यासाठीच आहे. फक्त अमेरिकेतल्या दोन वेधशाळांच्या भरवशावर पहिल्या लहरीची जागा आकाशात सुमारे सहाशे चौरस अंशांच्या पट्ट्यात सांगता आली होती. त्या पट्ट्यात पूर्णचंद्राएवढ्या तबकड्या हजारोंनी मावतील. १७ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतली व्हर्गो वेधशाळाही जोडीला होती तेव्हा तो भाग तीस चौरस अंशांच्या आत आला, आणि दुर्बिणींनी तिकडे बघून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर प्रत्यक्ष टिपली. हिंगोली त्या सगळ्यांपासून लांब, अमेरिकेतल्या दोन्हींपासून तर पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला.

मुलं विचारतील, आपल्याकडेच का? शांतता, हे त्याचं थोडक्यात उत्तर. रेल्वे, मोठे कारखाने, गजबजलेले रस्ते यांचे हादरे अशा यंत्राला त्रास देतात, आणि ही जागा त्या हिशेबाने निवांत ठरली. इथे एखादं चौकस मूल म्हणेल, की आपल्याकडे तर भूकंप होतो. खरं आहे. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, औंढा-वसमत-कळमनुरी भागातल्या गावांनी जमिनीतले आवाजही ऐकले आहेत. प्रश्न झटकू नका. आरसे एकाखाली एक लोंबकळणाऱ्या लंबकांवर टांगलेले असतात, जमीन हलली तरी आरसा शक्य तितका स्थिर राहावा म्हणून. त्याशिवाय एकाच वेळी हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या वेधशाळेतही तीच खूण दिसली की ती लहर असल्याची खात्री वाढते. दुधाळ्यातला हादरा हॅनफर्डला त्याच क्षणी उमटत नाही.

प्रकल्पाला केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ ची, सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ची, आणि त्यानंतर ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसली. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या त्यातल्या प्रमुख संस्था. आयुकातले संजीव धुरंधर यांनी लहरींच्या नोंदींतून खरा संदेश कसा वेगळा काढायचा यावर १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलं आहे. मुलांना शास्त्रज्ञांची नावं सांगताना हे नाव सांगाच. वेळ उरला तर परतताना नर्सी नामदेव करा. विसोबा खेचरांची आणि नामदेवांची गाठ औंढ्याला पडली ती कथा नर्सीच्या वाटेवर आजीने सांगितलेली बरी.

खरंखुरं विज्ञान केंद्र बघायचंच असेल तर

तर एका दिवसाचा हट्ट सोडा आणि मुक्काम धरा. हिंगोलीहून पूर्णा-नांदेडमार्गे रेल्वेने हैदराबाद गाठता येतं. तिथलं बिर्ला तारांगण आणि त्याच आवारातलं अंतराळ संग्रहालय दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी माझी पहिली पसंती. नागपूरचं रमण विज्ञान केंद्र लहान मुलांना अधिक मानवतं, कारण तिथे बऱ्याच गोष्टी हाताळता येतात, आणि तारांगणही आहे. छत्रपती संभाजीनगरला एमजीएमच्या परिसरात अंतराळविज्ञान केंद्र आहे. कुठेही जा, आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा: उद्या चालू आहे का, तारांगणाचा खेळ कोणत्या भाषेत किती वाजता आहे, आणि किती वयाखालच्या मुलांना आत घेत नाहीत. अंधाराला घाबरणाऱ्या बाळाला घेऊन तारांगणात बसणं त्याला आणि इतरांनाही त्रासाचं. एका मोठ्या माणसाने बाहेर थांबायचं आधीच ठरवा.

पुण्यात नातेवाईक असतील तर २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास जा. आयुका त्या दिवशी सर्वांसाठी खुली असते आणि लायगोवर काम करणारी माणसं समोर उभी राहून मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरातही त्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरतं.

ज्यांना प्रवासाचा खर्च झेपत नाही, त्यांनी शाळेकडे आग्रह धरावा. इस्रोचं ‘स्पेस ऑन व्हील्स’ हे फिरतं प्रदर्शन बसमधून गावोगावी जातं. मुख्याध्यापकांनी रीतसर पत्र लिहून मागणी करायची असते. चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं तो २३ ऑगस्ट आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाच्या निमित्ताने बस हवी असेल तर पत्र जूनमध्ये शाळा सुरू होताच जाऊ द्या. त्याबरोबर दुसरं पत्र लायगो-इंडियाला लिहा: शाळेच्या गटाला भेट किंवा शास्त्रज्ञांचं व्याख्यान मिळेल का, म्हणून. सोबत मुलांच्या हस्ताक्षरातले दहा प्रश्न जोडा. लोणारहून आल्यावर त्यांच्या वहीत ते तयारच असतील.